‘आपल्या जबाबदारीवर प्रवेश’ या फलकाने कोण वाचतं?

डॉक्टर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. महापालिकेच्या लहान प्राणिसंग्रहालयाचा अतिरिक्त पदभार तुमच्या गळ्यात पडलाय. साथीमुळे बंद केलेलं प्राणिसंग्रहालय पुन्हा उघडायची कार्यपद्धती लिहून द्या, असं आयुक्तांनी सांगितलंय. कार्यालयातली जुनी मंडळी म्हणतात की गेटवर ‘आपल्या जबाबदारीवर प्रवेश’ असा फलक लावा, तिकिटामागे तेच छापा आणि फाइल पुढे सरकवा. तुम्हाला मात्र धास्ती अशी की उद्या एखादा पर्यटक आजारी पडला किंवा वाघ दगावला, तर खाली सही तुमचीच असणार.

फलक खुशाल लावा, त्याला खर्च नाही. पण त्याच्या भरवशावर राहू नका. माझ्या मते तुमची मंडळी चुकीच्या दाराकडे बघताहेत. सगळ्यांचं लक्ष तिकीटखिडकीकडे असतं, आणि साथ आणि कायदा दोन्ही मागच्या दाराने आत येतात. जिथून मांसाचा टेंपो येतो आणि जिथून कीपर, म्हणजे प्राण्यांची देखभाल करणारा कर्मचारी, पहाटे कामाला शिरतो, ते दार.

आधी माझ्याबद्दल. मी एकतीस वर्षं पशुवैद्यक म्हणून काढली, शेवटची नऊ अधीक्षक म्हणून. कोरोनाच्या काळात आमचं संग्रहालय दोनदा बंद केलं, दोनदा उघडलं. वकील मी नाही. कायद्याचं जे पुढे लिहितो ते विधी अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर तास न् तास बसून शिकलेलं आहे, तेव्हा अंतिम मसुदा तुमच्या विधी विभागाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हेही आधीच सांगतो. मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाने, म्हणजे आपल्या राणीच्या बागेने, १५ फेब्रुवारी २०२१ ला दारं उघडली, पुढच्या लाटेत पुन्हा लावली आणि १ नोव्हेंबरला परत उघडली. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय मार्च २०२२ पर्यंत जवळजवळ दोन वर्षं बंदच राहिलं. म्हैसूरने तर ८ जून २०२० लाच सुरुवात केली होती. यात कोण शहाणं आणि कोण घाबरट असं काही नाही. शहरातली साथ, बागेची रचना, हाताखालची माणसं आणि प्राण्यांची यादी जिथे वेगळी, तिथे उत्तरही वेगळं. ज्याच्याकडे फक्त चितळ, मोर आणि कासवं आहेत त्याने मोठ्या मांजरांवर दिवसरात्र डोकं खपवायची गरज नाही. आणि आजार कोणता हा तर पहिला प्रश्न. कोरोना माणसाकडून वाघाकडे गेला. बर्ड फ्लू रानपक्ष्याकडून किंवा कोंबडीच्या मांसातून येतो. दोघांना एकच कार्यपद्धती चिकटवलीत तर एकाच्या बाबतीत तरी ती फसणारच.

आता मागच्या दाराकडे येऊ.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातली नादिया नावाची चार वर्षांची मलायन वाघीण तुम्हाला आठवत असेल. ५ एप्रिल २०२० ला तिचा कोरोना अहवाल पॉझिटिव्ह आल्याचं जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचं पत्र सगळीकडे पोचलं: सीसीटीव्हीवर चोवीस तास लक्ष, खाणं देताना कमीत कमी संपर्क, आजारी प्राणी वेगळा. त्या बातमीतली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटली. ब्राँक्स मार्चच्या मध्यापासून प्रेक्षकांसाठी बंद होतं आणि वाघीण खोकायला लागली ती मार्चच्या शेवटी. लक्षणं नसलेल्या कर्मचाऱ्याकडून तिला लागण झाली असावी, असाच निष्कर्ष निघाला. पुढच्या वर्षी चेन्नईजवळच्या वंडलूर प्राणिसंग्रहालयात ३ जून २०२१ ला नीला ही सिंहीण गेली, दोन आठवड्यांत एक नर सिंह गेला. भोपाळच्या प्रयोगशाळेने कोरोनाचा डेल्टा प्रकार असल्याचं सांगितलं. तेव्हाही तामिळनाडूत कडक टाळेबंदी होती, गेटवर चिटपाखरू नव्हतं. मग विषाणू आला कुठून? जो रोज आत जातो त्याच्याकडूनच येऊ शकतो.

विचार करून पाहा. प्रेक्षक उघड्यावर, बाहेरच्या रेलिंगपलीकडे, मध्ये खंदक किंवा काच. कीपर मात्र रात्रनिवाऱ्याच्या अरुंद बोळात, जाळीपासून हातभर अंतरावर, सरकता दरवाजा ओढताना धापा टाकत, आणि वाघ त्याच्या वासाने जाळीला नाक लावून. म्हणून माझ्या कार्यपद्धतीचं पहिलं पान प्रेक्षकांचं नव्हतं, ते कीपरच्या तापाचं होतं.

त्यामागे घडलेली गोष्ट सांगतो. दुसऱ्या लाटेच्या तोंडावर सकाळच्या फेरीत मी बिबट्यांच्या मागच्या बाजूला होतो. तिथला ठेक्यावरचा मुलगा खाणं टाकायच्या आधी नेहमी एक बारीक शीळ घालायचा. शीळ ऐकली की मादी आतल्या कप्प्यात जायची आणि मग तो मधला दरवाजा सोडायचा. त्या दिवशी शीळ आली नाही. त्याने दरवाज्यावर काठी वाजवली. मी विचारलं, “काय रे, शीळ का नाही?” तो म्हणाला, “घसा बसलाय साहेब.” कपाळाला हात लावला तर चटका. सकाळी पॅरासिटामॉल खाऊन आला होता, त्यामुळे गेटवरच्या ताप मोजायच्या बंदुकीने त्याचा ताप दाखवलाच नव्हता. त्याला मी रागावलो नाही, कारण चूक आमची होती. एक दिवस खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या घरात खाणारी सहा तोंडं होती. अशा माणसाला ‘ताप असल्यास कामावर येऊ नये’ असा फलक दाखवून काय उपयोग?

त्याला घरी पाठवलं, दोन्ही बिबटे वेगळ्या कीपरकडे दिले, विष्ठेचे नमुने घेतले. सुदैवाने काही निघालं नाही. पण त्या दिवसापासून मी एकच टिपणी घेऊन दालना-दालनातून फिरलो: तापाच्या रजेचा पगार कापायचा नाही, ठेकेदाराच्या माणसालाही नाही. लेखा विभागाने तीन वेळा परत पाठवली. शेवटी ती मंजूर झाली, पण ती कशाने झाली तेच तुम्हाला सांगायचंय, कारण तुमच्या प्रश्नातला कायदा तिथे आहे.

१९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आमच्या विधी अधिकाऱ्यांनी कपाटातून काढला. रानटी प्राणी पाळणं, शिकवणं, त्यांच्याकडून काम करून घेणं, हे त्यातल्या कामांच्या यादीत सरळ लिहिलेलं आहे. शिवाय तिसऱ्या परिशिष्टातल्या व्यवसायजन्य रोगांत पहिलीच नोंद संसर्गजन्य रोगांची आहे, आणि त्यात पशुवैद्यकीय काम आणि प्राणी हाताळण्याचं काम येतं. खरी मेख पुढे आहे. अशा कामातल्या माणसाला असा रोग झाला, तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे दाखवायचं ओझं मालकावर. आणि ठेकेदाराच्या माणसाचं काय? कलम १२ म्हणतं की मूळ मालकाने भरपाई द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. ‘आम्ही काही धंदा करत नाही, आम्ही महापालिका’ ही पळवाटही बंद केलेली आहे, कारण स्थानिक संस्थेचं काम हाच तिचा धंदा समजायचा असं तो कायदा सांगतो. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेलाय, आणि माणूस राज्य कामगार विमा योजनेत असेल तर रस्ता वेगळा आहे. तेव्हा कलमांचे आकडे तुमच्या विधी विभागाकडून ताजे करून घ्या. पण एवढं वाचून दाखवल्यावर लेखा विभागाने तापाच्या रजेचा पगार वाचवण्याचा हट्ट सोडला.

म्हणजे भरपाईच्या दाव्यात सर्वांत सोपा दावा कीपरचा आणि सर्वांत अवघड पर्यटकाचा, आणि आपण काळजी करतो ती नेमकी उलट्या क्रमाने.

पर्यटकाचा का अवघड? तो सकाळी लोकलने आला, नाक्यावर वडापाव खाल्ला, तिकिटाच्या रांगेत उभा राहिला, संध्याकाळी लग्नाला गेला. पाच दिवसांनी ताप आला. तो तुमच्याच बागेत लागला हे सिद्ध करायला त्याच्याकडे काय असणार? साथ गावभर पसरलेली असताना कारणाचा धागा जोडणं जवळजवळ अशक्य. अपवाद एकच दिसतो: तुम्ही स्वतःच नियम धाब्यावर बसवलेत आणि त्याचा पुरावा ठेवलात. शंभर माणसांची मर्यादा ठरवून साडेतीनशे तिकिटं फाडलीत, किंवा सर्पालयासारख्या बंद खोलीत शाळेची अख्खी सहल कोंबलीत, तर मग तुमचंच तिकीटपुस्तक तुमच्या विरोधात साक्षीला उभं राहतं.

फलकाचं म्हणाल, तर पैसे घेऊन आत सोडलेला माणूस ग्राहक आहे. ‘आमची कसलीही जबाबदारी नाही’ असं छापल्याने स्वतःचा निष्काळजीपणा धुऊन निघत नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्यायी करार ही वेगळी तक्रार आता आहेच. फलकाचा उपयोग वेगळ्या प्रकारे होतो. ‘सर्पालयात एका वेळी दहाच जण’, ‘मास्क पिंजऱ्यात टाकू नका’ असं नेमकं लिहिलंत आणि तिथे शिट्टी घेऊन माणूस उभा केलात, तर तो फलक तुमच्या दक्षतेचा पुरावा होतो. ‘आपल्या जबाबदारीवर’ हे नुसतं हात झटकणं झालं.

पर्यटकाच्या बाबतीत माझी झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टींनी. वर्ष-दीड वर्ष बंद असलेली बाग कशी होते, पाहिलीय तुम्ही? दोन पावसाळे झाडांची छाटणी नाही. रेलिंगच्या पायाशी गंज. खंदकात गाळ साचून त्याची खोली फूटभराने कमी झालेली. लोखंडी जाळीवर वेल चढलेला, त्यामुळे कुठे फाटलीय ते दिसत नाही. पादचारी पुलाच्या फळीवर शेवाळ.

इथे दोन निकाल तुमच्या कामाचे आहेत. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळ-मनोरा कोसळून माणसं मेली, त्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेला जबाबदार धरलं. एवढा जुना मनोरा कोसळतो याचाच अर्थ देखभाल झाली नाही, वेगळा पुरावा कशाला हवा, असा तो युक्तिवाद होता. याउलट राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड पडून माणूस गेला, त्यात १९९७ मध्ये महापालिका सुटली. रस्त्यावरच्या प्रत्येक झाडावर तितकी नजर ठेवणं अपेक्षित नाही, असा तिथला सूर. आमचे विधी अधिकारी हसून म्हणाले होते, “तुमचं झाड दिल्लीच्या मनोऱ्याच्या जातीचं आहे, राजकोटच्या नाही.” कारण तिकीट घेऊन, कुंपणाच्या आत, तुम्ही आखून दिलेल्या वाटेवर लोक चालताहेत. आणि वन्य प्राणी निसटून कुणाला इजा झाली, तर ‘आम्ही काळजी घेतली होती’ हा बचावही फार लंगडा पडतो. वाघ धोकादायक असतो हे मालकाला माहीत असतंच, असं कायदा धरतो.

म्हणून साथीनंतर उघडण्याची परवानगी मागण्याआधी मी उद्यान विभागाकडून झाडांचा आणि स्थापत्य विभागाकडून रेलिंग-पुलांचा लेखी दाखला घेतला. दोन्ही विभाग कुरकुरले. दाखला मिळेपर्यंत आम्ही उघडलं नाही, आणि जी वाट दाखल्यात बसली नाही ती बांबू आडवे बांधून बंद ठेवली.

आता तुमच्या सहीचं. फौजदारी बाजू लोक फार फुगवून सांगतात, तरी ती नाहीच असंही नाही. कोरोनात आपल्यावर दोन कायद्यांची छत्री होती. एक २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. दुसरा साथरोग कायदा, जो १८९७ साली मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी घाईघाईत केलेला आहे आणि अजून जिवंत आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा आयुक्तांचा बंदीहुकूम मोडून उघडलंत तर आपत्ती कायद्याच्या कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा, जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत. संसर्ग पसरेल अशी निष्काळजी कृती हा गुन्हा पूर्वी दंडविधानात २६९ होता, आता भारतीय न्याय संहितेत २७१ आहे. आपत्ती कायद्याखाली संस्थेने गुन्हा केला तर संस्थेचा कारभार ज्याच्या हाती तो दोषी मानला जातो. त्याने योग्य ती दक्षता घेतली होती असं दाखवलं तर मात्र तो सुटतो. आपत्ती आणि साथरोग या दोन्ही कायद्यांत सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षणही आहे.

‘योग्य ती दक्षता’ आणि ‘सद्हेतू’ हे शब्द पुन्हा वाचा. ते मनातले असून चालत नाहीत, कागदावर लागतात, आणि तेही घटनेच्या आधीच्या तारखेचे. नंतर लिहिलेली नोंदवही लगेच ओळखू येते हो. सगळीकडे एकच पेन, एकच अक्षर आणि पानांवर हळदीचा एक डाग नाही.

माझी नोंदवही तुम्हाला दाखवली असती तर हसला असता. साधी दोनशे पानी. डाव्या पानावर माणसं: कोण आला, ताप किती, घरात कुणी आजारी आहे का, आज कुठल्या विभागात. उजव्या पानावर प्राणी: किती खाल्लं, किती उरलं, खोकला, शिंक, नाकातून पाणी, विष्ठा कशी. खाली कीपरची सही किंवा अंगठा, त्याखाली माझा शेरा. एकदा ‘सिंहीण क्र. २, दीड किलो शिल्लक, शिंका ३’ अशी नोंद होती. त्या दुपारी तिला स्क्वीझ केजमध्ये, म्हणजे भिंत सरकवून प्राण्याला जागच्या जागी धरणाऱ्या पिंजऱ्यात, घेऊन नमुना काढला. नुसत्या शिंकांवर कुणी भूल देत नाही, पण जेवण टाकणं आणि शिंका एकत्र आल्या की थांबायचं नाही. निष्पन्न काही झालं नाही. ते पान मात्र मी आजही दाखवू शकतो.

अधिकारांचीही वाटणी लिहून घ्या. उघडायचा निर्णय आयुक्तांचा, तुमचा अहवाल त्याला जोडलेला. ‘उघडण्यास हरकत नाही’ असं मोघम कधी लिहू नका. ‘खालील सात बाबी पूर्ण झाल्यास हरकत नाही, आज रोजी त्यापैकी पाच पूर्ण’ असं लिहा आणि जावक क्रमांक टाकून पाठवा. वरिष्ठांनी तोंडी ‘करा सुरू’ म्हटलं, तर त्याच दिवशी ‘आपण दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेनुसार’ अशी दोन ओळींची टिपणी ठेवा. मला हा सल्ला एका निवृत्त शिरस्तेदारांनी दिला होता. तो मी पाळला म्हणूनच तुम्हाला इतक्या निवांतपणे उत्तर लिहितोय.

प्राण्यांच्या बाबतीत तुमचं उत्तरदायित्व दुसरीकडे आहे. प्राणिसंग्रहालयाची मान्यता वन्यजीव कायद्याच्या कलम ३८एच खाली प्राधिकरण देतं आणि तेच ती स्थगित किंवा रद्द करू शकतं. वाघ-सिंह त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतले. मृत्यू झाला की शवविच्छेदन, नमुने आणि कळवणं यात एक तासाचीही दिरंगाई नको. हैदराबादच्या नेहरू प्राणिउद्यानातल्या आठ सिंहांचा अहवाल मे २०२१ मध्ये उघडपणे जाहीर झाला, सीसीएमबी या तिथल्या संशोधन संस्थेने तपासणी केली, सिंह बरे झाले आणि त्या संग्रहालयाची अब्रूही शाबूत राहिली. लपवलेला आजार मात्र कधीतरी बाहेर येतोच, आणि तेव्हा आजारापेक्षा लपवणं मोठं ठरतं.

बर्ड फ्लूला तर वेगळाच कायदा आहे, २००९ चा प्राण्यांतल्या सांसर्गिक रोगांचा. त्यात नुसता संशय आला तरी संबंधित यंत्रणेला कळवणं मालकावर किंवा प्रभारीवर बंधनकारक आहे. प्रभारी म्हणजे तुम्हीच. नागपूरच्या गोरेवाड्यात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने गेले. बातम्या आल्या तेव्हा सगळ्यांची बोटं चिकनकडे वळली. पुढच्या मे महिन्यात गोरखपूरला वाघीण गेली आणि उत्तर प्रदेशातली संग्रहालयं बंद झाली. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस चित्रबलाक दगावल्यावर दिल्लीनेही दार लावलं. इथे प्रेक्षकाच्या तोंडावरचा मास्क काय करणार? इथे पाहायची ती मांसाची गाडी, पाणवठ्यावर उतरणारे बगळे आणि कावळे.

आमच्याकडे मी निविदेतच अट घातली होती: पुरवठ्याबरोबर पशुवैद्यकाचा दाखला, बर्ड फ्लूचा इशारा आला की कोंबडी त्याच दिवसापासून बंद, पर्यायी म्हशीचं मांस त्याच दरपत्रकात. ही अट आधी नसेल तर ऐन वेळी ठेकेदार ‘माझ्या करारात नाही’ म्हणून हात वर करतो, वाघ उपाशी राहतो आणि तुम्ही तातडीच्या खरेदीच्या लेखापरीक्षणात अडकता. कोंबडी द्यायचीच असेल तर उकळून, कारण सत्तर अंशांच्या पुढे नीट शिजवलं की हा विषाणू टिकत नाही. सुरुवातीला बिबटे शिजवलेल्या मांसाकडे बघून तोंड फिरवतात. दोन दिवसांत खातात.

लसीवर विसंबून उघडू नका. हिसारच्या संस्थेने केलेली प्राण्यांसाठीची कोरोना लस, ॲन्कोवॅक्स, जून २०२२ मध्ये जाहीर झाली, म्हणजे प्राण्यांची लस यायला आपल्याकडे सव्वादोन वर्षं गेली. पुढच्या साथीतही आधी दार उघडावं लागेल, लस नंतर येईल.

आता प्रत्यक्ष उघडणं. आम्ही बुधवारी, म्हणजे साप्ताहिक सुट्टीला, रंगीत तालीम घेतली. कर्मचाऱ्यांच्या घरची साठ-सत्तर माणसं बोलावली, तिकीटखिडकीपासून बाहेरच्या गेटपर्यंत एकाच दिशेने फिरवली. आमचा अंदाज होता की वाघ अस्वस्थ होईल. वाघाने पोरांकडे ढुंकून पाहिलं नाही. गडबड केली ती चितळांनी. वर्षभर शांततेला सरावलेला कळप पहिल्या किंकाळीला उधळला आणि एक मादी जाळीवर आदळून खरचटली. माकडांनी दहा मिनिटांत तीन मास्क ओढून घेतले, त्यातला एक फाडून चघळायला लागलं तेव्हा आमची धावपळ. त्या दिवशी ठरलं की चितळांच्या पुढची वाट पहिले पंधरा दिवस बंद, हिरवी जाळी अर्ध्या उंचीपर्यंत, आणि माकडांच्या रेलिंगला आणखी तीन फुटांवर दोर. प्राण्यांना छेडणं, खाऊ टाकणं, आवाज करणं, कचरा टाकणं हा कलम ३८जे खाली गुन्हा आहे हे फलकावर लिहिलं, आणि पहिल्याच रविवारी दोघांवर कारवाई केली. त्याची बातमी स्थानिक पेपरात आली, ती फलकापेक्षा जास्त कामाला आली.

पाय बुडवायच्या कुंड्यांबद्दल एक सूचना. विभागाच्या तोंडाशी पोटॅशियम परमँगनेटची कुंडी असते, सगळे भक्तिभावाने बूट बुडवतात. जांभळा रंग तपकिरी झाला की त्यात दम उरत नाही, आणि चिखलाचे बूट दहा जणांनी बुडवले की तासाभरात तो तपकिरी होतो. आधी ब्रश आणि साधं पाणी, मग कुंडी, आणि पाणी बदलल्याची वेळ शेजारच्या पाटीवर खडूने. सोडियम हायपोक्लोराइट वापरणार असाल तर पक्ष्यांच्या बंद दालनात फवारू नका. साथीच्या घबराटीत हा उत्साह फार बोकाळतो.

आणि शेवटची गोष्ट, जी सगळे विसरतात: पुन्हा कधी बंद करायचं हे उघडण्याच्या आदेशातच लिहा. दिल्लीने १ एप्रिल २०२१ ला उघडलं आणि दोन आठवड्यांत बंद केलं. त्यात नामुष्की काही नव्हती, पण तसा निर्णय घ्यायला तुमच्याकडे आकडा हवा. आमचा होता: एका विभागातले दोन कीपर एकाच आठवड्यात आजारी, किंवा मांजरकुळातल्या एका जरी प्राण्यात लक्षणं, किंवा शहराच्या आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र. यातलं काहीही झालं तर अधीक्षकाने त्याच दिवशी विभाग बंद करायचा आणि आयुक्तांना नंतर कळवायचं. हा ‘आधी बंद, मग कळवा’चा अधिकार मागून घ्या. तो मिळवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण रविवारचा गल्ला बुडतो.

तुमच्याकडे मांसाहारी प्राणी किती, रात्रनिवाऱ्यामागे वाट एकच आहे की दोन, कीपर कायम किती आणि ठेक्यावर किती, आणि मांसाचा करार कधी संपतो, एवढं कळवा. कच्च्या मसुद्यावर नजर टाकून देईन.